पटकथाकाराचे ऋण आणि उमेद

पटकथा हे अपुरे राहण्यासाठीच केलेले लेखन आहे. कथा छापून आली की तिचे काम संपते. नाटकाचा प्रयोग झाला नाही तरी संहिता पुस्तकरूपाने दुकानात मिळते, अभ्यासाला लागते. पटकथेला असे सुटे आयुष्य नसते. दिग्दर्शक, नट, छायालेखक, संकलक आणि या सगळ्यांच्या आधी पैसा घालणारा माणूस, इतके जण जुळून आले तर तिचा चित्रपट होतो; आणि एकदा तो झाला की तिच्या कागदांची विचारपूस कोणी करत नाही. जे आले नाहीत त्यांच्यावाचून तिचे अडते आणि जे आले त्यांच्यात ती विरून जाते. पटकथाकाराच्या निराशेचे मूळ या पराधीनतेत आहे. त्याच्या कृतज्ञतेचा आणि उमेदीचा विचारही तिथूनच सुरू करावा लागतो.

मुंबईच्या चित्रव्यवसायात हे अपुरेपण आणखी वाटून घेतलेले असते. कथा, पटकथा आणि संवाद अशा तीन वेगळ्या श्रेयपाट्या इथे रूढ आहेत आणि त्या तीन वेगळ्या माणसांच्या नावावर असू शकतात. गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हे त्याचे चांगले उदाहरण. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, तिच्यावर विजय तेंडुलकरांची पटकथा आणि वसंत देव यांचे हिंदी संवाद. प्रेक्षकाला दिसतो तो ओम पुरींचा फौजदार. त्या फौजदाराचा कोणता कण कोणाच्या लेखणीतून आला, हे आता त्या तिघांनाही नेमके सांगता आले नसते. आपले काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते हे न कळणे ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. ज्याला ती सोसत नाही त्याने कादंबरी लिहिलेली बरी.

लिहिण्याच्या कामाचा मोठा भाग लिहिण्यात जातच नाही. आधी एका परिच्छेदात मावणारी कल्पना, मग सारांश, मग प्रसंगांची क्रमवारी, मग पहिला खर्डा. आणि प्रत्येक टप्प्याच्या पुढे वाट पाहणे. त्यातही इथली खास रीत म्हणजे नॅरेशन. निर्माते आणि नट पटकथा वाचत नाहीत, ऐकतात. त्यामुळे लेखकाला दोन-अडीच तास एकट्याने सगळी पात्रे उभी करावी लागतात, समोरचा फोनवर बोलून परत येईपर्यंत प्रसंग धरून ठेवावा लागतो. चांगले लिहिणारे पण वाईट सांगणारे कितीतरी लेखक या रीतीने मागे पडले असतील. कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला इथे निश्चित फायदा आहे.

ऐकवून झाल्यावर स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. ‘छान आहे, बघू’, ‘दुसरा भाग थोडा बसत नाहीये’, ‘आत्ता बाजारात असे चालत नाही’ अशी वाक्ये मिळतात आणि नंतर शांतता. या शांततेत महिने जातात. म्हणून या व्यवसायात जो माणूस आठवड्याभरात, कारण देऊन, ‘नाही’ म्हणतो तो खऱ्या अर्थाने उपकारकर्ता असतो. त्याच्या नकाराने पटकथा मोकळी होते, दुसरीकडे नेता येते. कृतज्ञतेची सुरुवात होकार देणाऱ्यांपासून करण्याचा मोह होतो. पण वेळ वाचवणाऱ्या नकाराचे मोल अनुभवी लेखकालाच कळते.

नव्या लेखकाला धीर देण्यासाठी काही कहाण्या हमखास सांगितल्या जातात. ‘जंजीर’ (१९७३) देव आनंद, राज कुमार यांच्यासारख्या नटांनी नाकारला आणि शेवटी तो अमिताभ बच्चन यांच्याकडे आला, ज्यांचे चित्रपट तोपर्यंत एकामागून एक पडत होते. ‘तुंबाड’चा पहिला खर्डा राही अनिल बर्वे यांनी नव्वदच्या दशकात, कोवळ्या वयात लिहिला, चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, पुन्हा करावे लागले, आणि चित्रपट २०१८ मध्ये पडद्यावर आला. तेव्हा त्याचा धंदा बेताचाच होता. २०२४ मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) अगदी तुटपुंज्या पैशात झाला, तेव्हा फारसा चालला नाही, आणि नंतरच्या पिढ्यांनी त्याला डोक्यावर घेतले.

या कहाण्या खऱ्या आहेत, पण त्यांच्यावर उमेद उभी करू नये. नाकारल्या गेलेल्या बहुतेक पटकथा नाकारलेल्याच राहतात आणि त्यांची कहाणी कोणी सांगत नाही. ‘तुंबाड’ला वीस वर्षे लागली म्हणून वीस वर्षे लागलेली प्रत्येक पटकथा ‘तुंबाड’ होत नाही. या कहाण्यांतून घेण्यासारखे एवढेच, की नकार आणि पटकथेचा दर्जा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. नट मोकळा नसतो, निर्मात्याचा आधीचा चित्रपट पडलेला असतो, त्याच धर्तीचा दुसरा चित्रपट आधी जाहीर होतो. नकाराच्या कारणांत कागदावरचे कारण किती आणि कागदाबाहेरचे किती, हे वेगळे करता आले तर लेखक योग्य तेवढेच दुरुस्त करतो. हे न जमणारा लेखक प्रत्येक नकारानंतर चांगला प्रसंग खोडून वाईट लिहितो.

मालिका लिहिणाऱ्याचे दुःख याच्या उलट आहे. त्याला आपले लिहिलेले चित्रित होईल का, ही काळजी नसते. काळजी असते ती उद्याच्या शूटिंगला कागद पोचतील का याची. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ने घराघरांत बस्तान बसवले. तेव्हापासून मराठीत पटकथेवर महिना काढू शकणारा एक वर्ग तयार झाला. त्याआधी ही सोय नव्हती. नोकरी सांभाळून किंवा गाणी, नाटके, कथा यांच्या जोडीने पटकथा लिहिली जाई. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळता सुमारे २२ मिनिटांचा मजकूर लागतो, आणि तो आठवड्याला पाच-सहा वेळा. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते पडले तर तीन महिन्यांचा कथाभाग एका बैठकीत बदलतो, मेलेले पात्र परत येते, लग्न ठरलेले मोडते. सेटवरून फोन येतो की अमुक नटी आजारी आहे, तिच्याशिवायचा प्रसंग तासाभरात पाठवा.

अशा कामाला हलके समजण्याची सुशिक्षित मराठी माणसाला सवय आहे. पण कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर या लेखकाला एक गोष्ट मिळते जी चित्रपट लिहिणाऱ्याला वर्षानुवर्षे मिळत नाही: लिहिलेली ओळ काही दिवसांत नटाच्या तोंडून ऐकण्याची संधी. कोणती ओळ जिभेवर अडखळते, कोणते वाक्य कागदावर चांगले आणि कानाला खोटे वाटते, कुठे एका नजरेने काम भागले असते, हे त्याला रोज कळते. शंभर भाग लिहिलेला माणूस संवादाच्या लांबीबद्दल जे शिकतो ते कोणत्याही शिबिरात शिकवता येत नाही. मालिका लेखकाने कृतज्ञ राहावे असे काही असेल तर ते हे आहे. टीआरपीबद्दल कृतज्ञ राहण्याची सक्ती नाही.

पटकथाकार खरोखर कोणाचा ऋणी असतो, याचा हिशेब मांडायला शूटिंगसारखी जागा नाही. लेखकाने कागदावर ‘रात्र. बाजार. पाऊस.’ असे तीन शब्द लिहिलेले असतात. त्या तीन शब्दांसाठी पाण्याचे टँकर येतात, जनरेटर लागतो, परवानग्या काढाव्या लागतात, ज्युनियर आर्टिस्टची गर्दी जमवून तिला पहाटेपर्यंत भिजवत ठेवावे लागते, आणि पावसाच्या आवाजात संवाद ऐकू येत नाही म्हणून ध्वनिमुद्रकाची नटांशी हुज्जत होते. एकदा हे पाहिलेला लेखक पुढच्या खेपेस पाऊस लिहिताना थांबून विचार करतो. पाऊस हवाच असेल तर लिहितो, पण मग तो पाऊस प्रसंगात काहीतरी करतो. कृतज्ञतेचा कागदावर दिसणारा परिणाम हा आहे. आभाराच्या पाटीपेक्षा तो जास्त टिकतो.

नटांचे ऋण यापेक्षा सूक्ष्म असते. ‘सामना’ हा तेंडुलकरांनी मराठीत लिहिलेला चित्रपट. दिग्दर्शक जब्बार पटेल, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला. साखरसम्राट हिंदुराव आणि गावात आलेला दारूडा मास्तर यांची झुंज बऱ्याच अंशी दोन माणसांच्या बोलण्यावर चालते. निळू फुले आणि श्रीराम लागू यांची घडण एकमेकांपासून पार वेगळी, एक लोकनाट्याच्या फडातून आलेला, दुसरा शहरी रंगभूमीवरचा. तेंडुलकरांनी लिहिलेल्या दोन भाषांना ते दोन वेगळे घसे मिळाले नसते तर मास्तरचा तोच तोच प्रश्न कागदावरच कंटाळवाणा झाला असता. चांगला नट ओळ सुधारतो असे म्हणण्यापेक्षा, ओळीत जे होते पण लेखकाला नीट माहीत नव्हते ते तो बाहेर काढतो, असे म्हणणे जास्त बरोबर आहे.

आणखी मागे गेले की ऋणको म्हणून पटकथाकाराची खरी जागा दिसते. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) केला. कैद्यांना तुरुंगाबाहेर, उघड्या माळावर शेती करायला लावणारा जेलर ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत होती, जिथे कैदी खुलेपणाने राहून कष्ट करत. माडगूळकर त्याच माणदेशातले. ज्या कैद्यांनी तिथली जमीन फोडली त्यांची नावे श्रेयपाटीवर येणे शक्यच नव्हते. पण चित्रपट त्यांच्या जगण्यावर उभा आहे. ‘मंथन’च्या (१९७६) बाबतीत हे ऋण अक्षरशः पैशांतले आहे. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि चित्रपट उभा राहिला. तेंडुलकरांना त्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाहण्यातून, ऐकण्यातून, दुसऱ्याच्या जगण्यातून जे घेतले त्याची जाणीव असलेला लेखक पात्रांशी नीट वागतो. गावचा पाटील आणि मोलकरीण यांना ठरावीक साच्यात कोंबणे हा लेखनदोष आहेच, पण त्याच्या मुळाशी कृतघ्नपणा असतो.

या हिशेबाची एक बाजू पटकथाकाराला येणे असलेल्या ऋणाचीही आहे, आणि ते बहुधा वसूल होत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) सुचलेला, त्याचे लेखन वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’चे आणि दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’चे लेखकही तेच. बनवाबनवीतली वाक्ये आज लग्नघरात, कार्यालयात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ती म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना नट पाठ असतात, दिग्दर्शक माहीत असतो, लेखकाचे नाव विचारले तर चेहरे कोरे होतात. याचे वाईट वाटून घ्यावे की नाही, यावर लेखकांत एकमत नाही. बोली म्हणून वापरात जाणे हे म्हणींच्या वाट्याला येणारे भाग्य आहे आणि म्हणींनाही कर्ता नसतो, हे एक मत. सबनीसांची बैठक लोकनाट्याची, म्हणजे तोंडी परंपरेची होती. त्यांच्या लेखनाला हा शेवट शोभतो. पण हे मत लेखकाने स्वतःहून धरावे, निर्मात्याने त्याला ऐकवू नये.

इथे कृतज्ञतेच्या नावाखाली होणाऱ्या एका लबाडीबद्दल लिहावे लागते. ‘तुला संधी दिली’ हे या धंद्यातले सर्वांत स्वस्त मानधन आहे. आधी लिहून दे, आवडले तर पुढचे बोलू. पहिलेच काम आहे, पैशांचे काय घेऊन बसलास. नाव नंतर बघू. अशा बोलण्यात लेखकाकडून आभार आगाऊ घेतले जातात आणि मोबदला उधार राहतो. मालिकांत तर भाग प्रसारित झाल्यावर ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत सर्रास आहे, त्यातून १० टक्के कर कापून. म्हणजे आज लिहायला बसलेल्या लेखकाच्या हातात पहिला चेक येईपर्यंत चार-पाच महिने जातात. तेवढे दिवस घर कोणीतरी दुसरे चालवत असते. पटकथाकाराने खरे तर सर्वांत आधी त्या माणसाचे आभार मानायला हवेत.

मिळालेल्या कामाबद्दल कृतज्ञ असणे आणि हक्क सोडून देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्यांनी कृतीने दाखवले त्यांच्यात सलीम-जावेद यांचे नाव पहिले. ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांची नावे नव्हती. तेव्हा त्यांनी रंगारी लावून मुंबईभर भिंतींवरच्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. पुढे त्यांचा मोबदला बड्या नटांशी बरोबरी करू लागला. कायद्याची मदत यायला मात्र २०१२ उजाडले. त्या वर्षी जावेद अख्तर राज्यसभेत असताना कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज अन्य मार्गांनी चित्रपटाचा जो वापर होतो त्याच्या मोबदल्यात लेखकाचा समान वाटा मान्य झाला, आणि हा हक्क करारात लिहून सोडून देता येणार नाही असे ठरले. गीतकारांपर्यंत त्याचा लाभ पोचू लागला. पटकथाकारांची वाट जास्त लांबली. अमेरिकेत २०२३ मध्ये लेखकांनी १४८ दिवस काम बंद ठेवून स्ट्रीमिंगचा मोबदला आणि यंत्रलेखनावरच्या अटी पदरात पाडून घेतल्या. मुंबईत इतकी एकजूट अजून तरी दिसलेली नाही.

पटकथा ऐकवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंद करणे हा साधा उपाय आहे. नोंदीने कल्पनेचे रक्षण होत नाही; लिहून काढलेल्या मांडणीचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकाच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले आणि नाटककार हरला. म्हणून अनुभवी लेखक कल्पना घेऊन फिरत नाहीत. जास्तीत जास्त लिहून झाल्यावर बोलतात. यात भीती आहेच, पण उमेदीचाही भाग आहे: लिहून झालेली पटकथा निर्मात्याच्या मर्जीवर अस्तित्वात नसते.

उमेद टिकवण्याच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांतली सर्वांत खात्रीची युक्ती जिरायत शेतकऱ्याची आहे: एका पिकावर विसंबायचे नाही. एक पटकथा ऐकवण्याच्या टप्प्यावर, दुसरी पहिल्या खर्ड्यात, तिसरी नुसत्या टिपणांत, आणि जोडीला महिन्याचा खर्च निघेल असे काहीतरी: मालिकेचे संवाद, जाहिरातींच्या ओळी, डबिंगसाठी भाषांतर. माडगूळकरांनी गीते लिहिली, कथा लिहिल्या, पटकथा आणि संवाद लिहिले, अभिनय केला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ चालू असताना त्यांची चित्रपटांची कामेही थांबलेली नव्हती. तेंडुलकरांचा पाया पत्रकारितेचा आणि नाटकाचा. एका चित्रपटाच्या ‘हो-नाही’वर त्यांची लेखक म्हणून किंमत ठरत नव्हती, आणि त्यामुळेच बहुधा त्यांना चित्रपटात ताठ मानेने लिहिता आले.

दुसरी गोष्ट मोजमापाची. चित्रपट व्हावा ही इच्छा योग्यच. पण दिवसाचे काम त्या इच्छेने मोजले तर बहुतेक दिवस वाया गेलेले दिसतात. आज दुसऱ्या भागातली गाठ सुटली का, नायिकेचा निर्णय आता पटतो का, बारा पानांचा प्रसंग पाच पानांत बसला का, हे मोजता येते आणि ते पूर्णपणे लेखकाच्या हातात असते. उमेद पानावर बांधलेली असली की ती फोनची वाट पाहत नाही. पडून राहिलेल्या पटकथाही निरुपयोगी नसतात. त्यांच्यातले एखादे पात्र, एखादा प्रसंग, कधीकधी नुसती एखाद्या घराची रचना पुढच्या लेखनात मुकाट्याने येऊन बसते. काही लेखक जुने खर्डे फेकून देतात, त्यांना हा लाभ मिळत नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. आपले लेखन वाचून खरे बोलणारे दोन-तीन व्यवसायबंधू असणे ही चैन नाही, गरज आहे. मित्र म्हणून कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ‘इथे मला कंटाळा आला’ असे पानावर बोट ठेवून सांगणारा वाचक दुर्मीळ, आणि त्याची परतफेड त्याचा खर्डा तितक्याच काळजीने वाचूनच होते. स्पर्धक असलेल्या माणसाची पटकथा सुधारून देणे बाहेरच्याला विचित्र वाटेल. या धंद्यात ते रोज चालते.

उमेदीची मर्यादाही सांगायला हवी. प्रत्येक मेहनती लेखकाला यश येते असे या व्यवसायाच्या इतिहासात कुठेही दिसत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. तो मराठी चित्रपट एका शास्त्रीय गायकाचा आहे, जो आयुष्यभर प्रामाणिक रियाज करतो आणि तरी त्या उंचीला पोचत नाही. पटकथाकारांनी तो पाहावा, कारण त्यात खोटा दिलासा नाही. काही वर्षांनी काहीजण लेखन सोडून शिकवायला लागतात, काही वाहिनीत क्रिएटिव्ह म्हणून नोकरी धरतात, काही दिग्दर्शनाकडे वळतात, काही कथा-कादंबरीकडे परत जातात. नागराज मंजुळे यांच्यासारखे काहीजण स्वतः लिहिलेलेच स्वतः दिग्दर्शित करून मधले दार काढून टाकतात. यांतल्या कोणाला हरलेला म्हणण्याचे कारण नाही. वाहिनीत गेलेला जुना लेखक समोर बसलेल्या नव्या लेखकाला आठवड्याभरात, कारण देऊन, ‘नाही’ म्हणू लागला तर तेवढ्यानेही अनेकांचे महिने वाचतात.